लखनची दोन पत्रं

बोरी अरबजवळचा तांडा, ता. दारव्हा
सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३

लखन पोट्ट्या,

फोन काहून नाई केला ते आधी सांगते. फोनवर तू "हो काकी, बरोबर हाय काकी" म्हणतो अन् कापून टाकतो. कागदावर तुले तसं पळता येत नाई. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, डोळे फाडून वाच.

काल चर्चच्या उपासनेत काय झालं ते ऐक. आपले नवे पास्टर, मारेगावचे गोपालराव, बोलून राह्यले होते. त्यांचं मराठी तुले माहीत हाय, पेपरातल्या अग्रलेखासारखं. मी नेहमीसारखी बायांच्या बाजूनं उभी राहून एकेक वाक्य आपल्या बंजाऱ्याच्या गोरबोलीत सांगून राह्यलती. बावीस वर्सं झाले मले हे काम करून. जुने पास्टर स्वतःच थांबायचे अन् म्हणायचे, सांग हंसाबाई. आपली लालीबाई पंच्याऐंशीची हाय. तिले मराठीतून बाजारात मीठ-मिरची मागता येते, त्याच्या पुढं नाई. तिच्यासारख्या आठ-नऊ म्हाताऱ्या हायेत. मी सांगतलं नाई तं त्या बिचाऱ्या टिनाच्या छपराकडं पाहत बसतात.

तं गोपालराव मधातच थांबले, चष्मा काढला, अन् म्हणे, "बाई, खाली बसा. प्रेषित पौलानं बायबलात करिंथच्या मंडळीला लिहून ठेवलं आहे की बायकांनी सभेत बोलू नये. काही कळलं नाही तर घरी जाऊन नवऱ्याला विचारावं."

मी म्हणली, "माह्या नवऱ्याले जाऊन नऊ वर्सं झाले. भीमसिंगच्या फोटोले विचारू का? अन् मी विचारून नाई राह्यली, सांगून राह्यली."

तं म्हणे हे उलट बोलणंच त्या पत्रात मना केलं हाय. आता २६ नोव्हेंबरले कापणीचा सण हाय. तवरोक मी तोंड उघडलं तं सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर मंडळीच्या रजिस्टरातून माहं नाव कापणार. नाव कापलं की प्रभुभोजनाची भाकर नाई अन् मेल्यावर मंडळीच्या जागेत माती नाई. तुहा काका तिथंच पुरलेला हाय, तुले माहीत हाय. म्हणजे मले गप बसवायले ह्यानं मुर्दा ओलीस धरला.

तुहा बाप मंडळीचा वडील, म्हणजे पंच, म्हणवते. बादल तिथंच बसून होता, मिशीले हात लावून. एक शब्द नाई. काहून नाई ते मले समजते. तुले पाळक, म्हणजे पास्टर, व्हायचं हाय, अन् त्याच्यासाठी गोपालरावची शिफारस लागते.

तीन वर्सं झाले तू नागपुरात पाळकांच्या शाळेत पौलाच्याच चिठ्ठ्या शिकून राह्यला. मंग एवढं सांग. तो असं काहून म्हणला, कोणाले म्हणला, अन् ते मले लागू हाय का नाई. दोन ओळीत सांग. मले वावरात जायचं असते, कापूस फुटून राह्यला.

तुही काकी
हंसाबाई


नागपूर
१७ ऑक्टोबर २०२३

प्रिय काकी,

तुला कृपा व शांती असो.

तुझा प्रश्न दोन ओळींत मावणारा नाही. जुनी पत्रं वाचायची एक अभ्यासाची रीत असते. आधी पाहायचं की पत्र कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, कधी आणि कशावरून. पौलानं करिंथच्या लोकांना लिहिलं ते मुळात एक उत्तर आहे. त्या लोकांनी त्याला आधी पत्र पाठवलं होतं आणि ते पत्र आज कोणाकडेच नाही. म्हणजे आपण भांडणातली एकाच बाजूची बोलणी ऐकतो आहोत.

दुसरं असं की पौलाच्या हातचा कागद आज उरलेला नाही. आहेत त्या नकला, हातानं केलेल्या. बायकांनी गप्प राहावं ही दोन वचनं काही जुन्या नकलांत एका जागी येतात आणि काहींत दुसऱ्या जागी. त्यावरून काही विद्वान म्हणतात की ती मुळात पौलाची नसावीत. कोणीतरी कडेला लिहून ठेवली आणि नंतरच्या माणसानं ती आत घेतली. इतर विद्वानांना हे मान्य नाही. शिवाय याच पत्रात थोडं आधी, बायकांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असं पौल म्हणतो. गप्पच बसायचं असतं तर पदर कशाला सांगितला असता?

बायकांनी शिकवू नये असं पौलाच्या नावानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातही आहे. पण तिथले शब्द, बोलायची ढब आणि मंडळीची व्यवस्था पौलाच्या बाकी पत्रांशी जुळत नाही. ते पत्र त्याच्या मागून दुसऱ्या कोणी त्याच्या नावानं लिहिलं असावं, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. यावरही मतभेद आहेत.

आता फक्त तुझ्यापुरतं सांगतो. गोपालराव मनानं वाईट नाहीत, पण ते पानातली एक ओळ फाडून घेतात आणि तिचीच काठी करतात. ते पूर्ण पान त्यांनी कधी सलग वाचलं असेल असं मला वाटत नाही. तू गप्प बसू नकोस, असंच मला मनापासून वाटतं.

मात्र त्यांच्याशी वाद घालू नकोस. माझी शिफारस दहा नोव्हेंबरच्या आत इथं पोचायची आहे.

तुझा
लखन


तांडा
मंगळवार, २४ ऑक्टोबर २०२३

लखन,

चार पानं लिहिली, अन् कामाची गोष्ट चौथ्या पानावर. काही विद्वान म्हणतात, इतर विद्वान म्हणतात, पुष्कळ विद्वान म्हणतात. ह्या विद्वानांच्या घरी काही काम नसते का? दोन हजार वर्सं झाले अन् ह्यांले अजून पक्कं नाई की चिठ्ठी कोणाची. आपल्या तांड्यात बैल चोरीले गेला तं खुरावरून तीन दिवसात माणूस सापडते.

अन् तू मले म्हणतो, गप बसू नको पण वाद घालू नको. मंग करू काय? मुक्यानं बोलू?

तुहं पत्र शुक्रवारी आलं. पोस्टमन नेहमीसारखा तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसला, पाणी पेला अन् पत्र तिथंच ठेवून गेला. तुह्या बहिणीनं, वर्षानं, वाचलं. चाळीसेक माणूस असन. गोपालराव बी होते. सणासाठी कोण किती कापूस देते ते विचारत बादलसंगं आलेले होते.

वर्षा घडघड वाचत गेली. शाळेत पहिला नंबर येते न तिचा, अर्थ मागून समजते. "पूर्ण पान कधी सलग वाचलं असेल असं मला वाटत नाही" इथवर आली तवा तिच्या ध्यानात आलं अन् ती थांबली. तं म्हातारा नायक म्हणे, "वाच बाई, थांबली काहून, मजा येऊन राह्यली." तिनं पुरं वाचलं. गोपालराव चहा न पेता उठून गेले. कप तसाच भरलेला.

आता तू म्हणशील फक्त तुह्यापुरतं लिहलं होतं. तू तांड्यातलाच हाय ना रे? इथं कोणाची चिठ्ठी कवा एकाच्या घरात उघडली? आपले आजे-पणजे बैलांवर धान्य अन् मीठ लादून मुलूखभर जात, सहा-सहा महिने परत येत नसत. एकाची चिठ्ठी आली म्हणजे सगळ्या तांड्याले खबर आली. कोण जिता हाय, कोणता बैल मेला, सगळं त्यातच. म्हून ओट्यावर उघडायची रीत. वसतिगृहात राहून विसरला तं चूक तुही.

तुह्या विद्वानांचं मी एकच ऐकलं. पान पुरं वाचलं. तीन दुपारी लागल्या, बोट ठेवून ठेवून वाचलं. अन् त्याच पानावर, गोपालरावच्या ओळीच्या सहा-सात ओळी वरतं, काय लिहलं हाय माहीत हाय का तुले? सभेत परकी भाषा बोलणाऱ्या माणसासंगं अर्थ सांगणारा पाह्यजे, अन् अर्थ सांगणारा नसन तं त्या बोलणाऱ्यानंच गप बसावं. आता लालीबाईले गोपालरावचं मराठी म्हणजे परकी भाषाच हाय. मंग गप कोणी बसायचं? तू तीन वर्सं शिकला अन् हे तुह्या चार पानात नाई. नकला कुठं कुठं सापडल्या ते हाय.

अजून एक विचारते. तुह्या गुरुजीले विचार अन् सांग. चिठ्ठी पायानं चालत नाई. कोणीतरी नेली असन. आपल्यात चिठ्ठीत दोन ओळी राहत, बाकी सगळं आणणाऱ्याच्या तोंडात. आधी त्याले बसवत, पाणी देत, मंग विचारत, बाबा, हे तो रागात म्हणला का हसत म्हणला, अन् कोणाकडं पाहून म्हणला? चिठ्ठी आणणाऱ्याले न विचारता नुसत्या कागदावर भांडणारा माणूस आपल्यात येडा समजत. तुह्या शास्त्रात तो आणणारा कुठं हाय?

हंसाबाई


नागपूर
३१ ऑक्टोबर २०२३

काकी,

तू काय करून बसलीस याची तुला कल्पना आहे का? ते पत्र तुला लिहिलं होतं. चाळीस लोकांना नाही, गोपालरावांना तर नाहीच. त्यांचा मला फोन आला. आवाज चढवला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "लखन, मी शास्त्र वाचत नाही असं तू लिहिलंस. मी शिफारस कशाच्या आधारावर लिहू?" तीन वर्षं, काकी. बाबांनी बैलजोडी विकून मला इथं पाठवलं.

रीत विसरलो हे खरं. पण लिहिणाऱ्याच्या मनात कोण वाचक होता, त्याचा काही विचार करायचा की नाही?

तुझा प्रश्न मी वर्गात विचारला. सरांनी आधी विचारलं की हे तुला कोणी सुचवलं. करिंथचं ते पत्र तिथल्याच तीन माणसांनी नेलं असावं. पण पौलाचं सर्वांत मोठं पत्र, रोमच्या मंडळीला लिहिलेलं, एका बाईनं नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिचं नाव फीबी. करिंथच्याच शेजारच्या बंदरावरची. तिला नीट वागवा, हवं ते पुरवा, असं पौलानं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. रोममधल्या लोकांनी शंका विचारल्या असतील तर उत्तरं तिनंच दिली असणार.

हे पत्र पोस्टानं नाही, बसवाल्याकडून थेट तुझ्या हातात पाठवतो आहे, ओट्यावर उघडू नकोस. ही गोष्ट तू कोणाला सांगू नकोस. निदान दहा तारखेपर्यंत. मी यातून वाट काढतो आहे.

लखन


प्रति,
मंडळीचे आदरणीय पाळक व आदरणीय वडीलजन
नागपूर, ६ नोव्हेंबर २०२३

आदरणीय पाळकसाहेब,

आपणांस सप्रेम वंदन. माझ्या मागील खासगी पत्रामुळे मंडळीत जो गैरसमज झाला त्याबद्दल मला अत्यंत खेद वाटतो. त्या पत्राचा अर्थ श्रीमती हंसाबाई यांनी अल्पशिक्षणामुळे चुकीचा लावला. आदरणीय पाळकसाहेबांच्या शास्त्राभ्यासाविषयी माझ्या मनात निःसंशय आदर आहे. बायकांनी सभेत मौन पाळावे ही शिकवण स्पष्ट असून तीत शंकेला जागा नाही. श्रीमती हंसाबाई यांनी आदरणीय पाळकसाहेबांच्या आज्ञेत राहावे, ही कृपया माझी विनंती समजावी.

आपला आज्ञांकित,
लखन बादल राठोड


तांडा
सोमवार, १३ नोव्हेंबर २०२३

लखन,

तुह्या नावानं एक भानगड झाली हाय, ती ध्यान देऊन वाच.

काल गोपालरावनं उपासनेत एक पत्र वाचलं. म्हणे लखनकडून आलं. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडलेला की जसं काही पौलानंच त्यांच्या नावानं पाठवलं. त्यात लिहलेलं, हंसाबाई अडाणी हाय, तिनं उलटा अर्थ काढला, तिनं गप बसावं.

बाया माह्याकडं पाहून राह्यल्या. लालीबाई मले कोपर मारून विचारते, "काई केरोच ऊ?" आता तो काय म्हणून राह्यला हे मी तिले कसं सांगू? ह्या तोंडानं?

 उपासना झाल्यावर पत्र मागतलं. गोपालरावनं दिलं, तो माणूस तसा सरळ हाय. आम्ही सगळ्या बाया माह्या अंगणात बसलो. तुहं पहिलं पत्र वर्षापाशी होतं. दोन्ही शेजारी ठेवले. तुहीच रीत. कोणी लिहलं, कोणाले, काहून, अन् बोलायची ढब जुळते का.

रुपीबाई म्हणे, "अक्षर तं लखनचंच दिसते." मी म्हणली, अक्षर गिरवता येते, शब्द पाहा. एवढ्याशा चिठ्ठीत पाच जागी आदरणीय. लखन शाळेत हेडमास्तरले बी टकल्या म्हणे. पहिल्या पत्रात काकी, अन् इथं श्रीमती हंसाबाई. ज्या बाईनं ह्याचं शेंबडं नाक पुसलं, ह्याची माय शीला चार महिने दवाखान्यात होती तवा ह्याले जेवू घातलं, ती श्रीमती? वर्षा म्हणे, "काकी, भाऊ 'कृपया' कधीच लिहत नाई. माह्याकडून वही मागायची तरी 'आण' एवढंच." पहिल्या पत्रात दर वाक्याले मतभेद हाय, असं वाटते, असावं, नसावं. अन् इथं निःसंशय. नागपूरच्या त्या शाळेत तीन वर्सं काढलेला माणूस निःसंशय म्हणन काय? तिथं तं पाणी ओलं हाय यावर बी दोन मतं असतीन.

तं आम्ही ठरवलं की हे पत्र तुहं नाई. कोणीतरी तुह्या नावानं लिहलं. पौलाच्या नावानं लिहत तसंच. मले वाटते तुह्या बापानंच कोणाकडून तरी लिहून घेतलं, शिफारशीपायी. बादलले विचारलं तं तो लालेलाल झाला अन् म्हणे, "वहिनी, मले माह्या पोराच्या नावानं खोटं लिहायची गरज नाई." असं म्हणून वावरात निंघून गेला. खोट्या माणसाले राग लवकर येते.

मंग मी संध्याकाळच्या बैठकीत उभी राह्यली. गोपालराव होते, सगळे वडील होते, नायक बी येऊन बसलेला. मी शास्त्रावर, बायबलावर, हात ठेवला अन् म्हणली, "हे पत्र लखनचं नाई. त्याच्या हाताचं निंघालं तं तुम्ही कायले, मीच माहं नाव कापून घेते. भीमसिंगच्या बाजूची जागा बी सोडते."

गोपालराव म्हणे, "ठीक आहे. लखनलाच लेखी विचारा. २६ तारखेच्या आत."

तं तुले हे विचारून राह्यली. फीबीची गोष्ट मी अजून कोणाले नाई सांगतली, तुही दहा तारीख जाऊ देली. आता एक ओळ लिही की ते पत्र माहं नाई. बस. ह्यावेळी खरंच एकच ओळ पाह्यजे, चार पानं नको.

हंसाबाई


नागपूर
२० नोव्हेंबर २०२३

काकी,

हे पत्र ओट्यावर उघडलं जाईल, वर्षाच वाचेल, आणि गोपालराव समोर असतील. हे सगळं माहीत असून लिहितो आहे, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. वर्षा, थांबू नकोस.

दोन्ही पत्रं माझीच आहेत.

बाबांचा त्यात काही संबंध नाही. त्यांना तर दुसऱ्या पत्राची खबरही नव्हती. मी ते चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन कागदांवर "काकी" असंच येत होतं, म्हणून फाडले. ते बसवाल्याच्या हाती पाठवलं, आणि तीन दिवसांनी तशीच शिफारस आली. चांगली शिफारस आहे. मी ती खोलीत ठेवली होती, दहा तारीख गेली तरी ऑफिसात दिली नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं ते मला आजही खरं वाटतं. दुसऱ्या पत्रातलं एकही वाक्य मी मानत नाही. मी ते भिऊन लिहिलं. आणि काकी अडाणी आहे असं लिहिलं, तेव्हा मला पुरतं माहीत होतं की त्या पानावरची अर्थ सांगणाऱ्याची ओळ तिनं शोधली आणि मी नाही. रोमला पत्र नेणारी एक बाई होती, तिचं नाव फीबी. हेही मीच काकीला गुपित ठेवायला सांगितलं होतं.

गोपालराव, तुमची शिफारस याच पाकिटात परत पाठवतो आहे. तुम्ही ती ज्या माणसासाठी लिहिली तो खोटं बोलला होता.

काकी, तुम्ही बायकांनी माझी दोन पत्रं शेजारी ठेवून जे पाहिलं त्यात चूक काही नव्हती. तो मी नव्हेच असं तुम्हाला वाटलं. मलाही लिहिताना तसंच वाटत होतं. पण होतो मीच. तू शास्त्रावर हात ठेवलास, ते मला परत घेता येत नाही.

लखन


तांडा
सोमवार, २७ नोव्हेंबर २०२३

भ्याड पोट्ट्या,

तुहं पत्र गुरुवारी ओट्यावर वाचलं. वर्षा एकदाच थांबली, तुह्या बापाचं आलं तिथं. बादल तिथंच होता. त्यानं टोपी काढली अन् परत घातली. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर मान खाली घातली, ती बी तुह्यापायी, हे ध्यानात ठेव.

मी चाळीस माणसांसमोर खोटी पडली. अल्पशिक्षण. तो शब्द मी वर्षाले विचारून घेतला की नेमका किती वाईट हाय. ती म्हणे फार नाई. मले फार वाटला. तुले मी माफ केलं का नाई ते मी ठरवलं नाई अजून, घाई करू नको.

काल कापणीचा सण झाला. चर्चात समोर कापसाचे गाठोडे, तुरीच्या शेंगा, सोयाबीनचं पोतं. गोपालरावनं रजिस्टर आणलं. माणूस खुश नव्हता, हे मी खरं सांगते. पेन उघडला, बंद केला. म्हणे, "हंसाबाई, तुम्ही नुसतं म्हणा की इथून पुढे गप्प राहीन. मी रजिस्टर बंद करतो."

मी म्हणली, "मी शास्त्रावर हात ठेवून बोलली होती. पत्र लखनचंच निंघालं. कापा."

त्यांनी कापलं. रेघ मारायचा आवाज मागच्या रांगेपावतर गेला. बाया रडायले लागल्या तं मी डोळे वटारले, गप बसल्या. मंग गोपालराव बोलायले उभे राह्यले. पहिलं वाक्य झालं. लालीबाई माह्याकडं वळून म्हणे, "काई केरोच?"

मी उठली, दारात जाऊन उभी राह्यली अन् तिथून तिले गोरबोलीत सांगतलं.

गोपालराव म्हणे, "बाई, तुमचं नाव मी आत्ताच..."

"कापलं ना," मी म्हणली. "पौलानं गप बसवलं ते मंडळीतल्या बायाले. मी आता मंडळीतली नाई. बाहेरच्या बाईनं दारात उभं राहून म्हातारीसंगं बोलू नये, असं कोणत्या चिठ्ठीत हाय ते दाखवा. अन् दाखवताना पान पुरं वाचा. त्याच पानावर लिहलं हाय की अर्थ सांगणारा नसन तं बोलणाऱ्यानं गप बसावं. म्हणजे मी बसली की तुम्हाले बी बसा लागते."

सगळ्यात आधी कोण हसलं माहीत हाय? बादल. मिशीतून नाई, चांगला तोंड उघडून. मंग उठला, माह्यासाठी दारात खुर्ची नेऊन ठेवली अन् आपल्या जागेवर जाऊन बसला. वडीलकी त्याची आता राहते का नाई माहीत नाई. त्याले बी नसन माहीत.

गोपालरावनं रजिस्टर मिटलं. मंग बोलायले लागले. मी दारातून सांगत गेली. आधी ते माह्यावरून आवाज चढवत, मंग दमले. अर्ध्यातून पुढं मले पाह्यलं नाई, पण वाक्य झालं की थांबत. उपासना सरली तवा लालीबाई म्हणे, "एवढंच सांगते का हा? मले वाटलं सात आठवड्यापासून कायतरी मोठं चुकून राह्यलं."

जाताना गोपालराव मले म्हणे, "रजिस्टरातलं नाव मी परत लिहिणार नाही." मी म्हणली, "नका लिहू. तुम्ही लिहलं तं मले परत गप बसा लागन." मातीची जागा गेली, ती गेली. भीमसिंग एकटा राहीन. त्याले सवय हाय, मी जित्तेपणी बी दिवसभर वावरातच राहत होती.

शिफारस तुले दुसरी भेटणार नाई, हे त्यांनी बादलले तोंडावर सांगतलं. तू आता काय करणार ते तू पाहा. नापास झाला तरी गावात ये, लोक दोन दिवस हसतीन अन् कापूस वेचायले लावतीन.

आता तुह्या विद्वानांसाठी एक गोष्ट, ते विचारतीन तं सांग. ते म्हणतात ना, बायाले बोलू देणारं पत्र पौलाचं अन् गप बसवणारं दुसऱ्या कोणाचं, काहून की एक माणूस दोन तोंडानं बोलत नाई. आम्ही बी तुह्याबद्दल तेच म्हणलं अन् आमचं नाक कापल्या गेलं. एक माणूस दोन्ही लिहते. मले तं आता वाटते की पौलानंच दोन्ही लिहलं असन. ज्या दिवशी कोणाची भीती नव्हती त्या दिवशी फीबीच्या हाती चिठ्ठी देली. अन् ज्या दिवशी कोणी मोठा माणूस नाराज झालता, का मंडळी फुटून राह्यलती, त्या दिवशी बसून लिहलं की बाया हो, गप बसा. मले नकलांचं समजत नाई. पण भ्यालेल्या माणसाचं पत्र कसं वाजते ते आता पाठ झालं.

कोणाची सही हाय ह्याच्यावर तुम्ही भांडत राहा अजून दोन हजार वर्सं. मी एवढंच पाहीन की लिहणारा त्या दिवशी भ्यालेला होता का. भ्यालेला असन तं मी ते पाळणार नाई. तुहं बी नाई अन् त्याचं बी नाई.

हंसाबाई